पोस्टडॉकचं कॅलेंडर आणि घरचं कॅलेंडर

भौतिकशास्त्रात पीएचडी करत असलेल्या, किंवा ती संपवून पुढच्या जागेच्या शोधात असलेल्या मुंबईकर जोडप्यांसाठी हे लिहिलं आहे. संशोधन आणि संसार यांवर बोलताना जिद्द आणि घरच्यांचा पाठिंबा यांची चर्चा पुष्कळ होते. त्या गोष्टी लागतातच. पण घडी विस्कटते ती बहुतेक वेळा तारखांमुळे. ऑफरची तारीख, व्हिसाची, शाळाप्रवेशाची, भाडेकरार संपायची, जोडीदाराच्या नोटीस पिरियडची: यातली एकही दुसरीकडे बघून ठरलेली नसते. त्या सगळ्या एका कागदावर मांडायचं काम निदान पंधरा-सोळा महिने आधी व्हायला हवं, आणि ते दोघांनी मिळून करायला हवं.

परदेशी पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-जागांच्या, जाहिराती ऑगस्ट-सप्टेंबरपासून येऊ लागतात आणि बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जातात. सैद्धांतिक कणभौतिकीत ऑफर हिवाळ्यात निघतात आणि थोड्याच आठवड्यांत होकार-नकार मागितला जातो. खगोलशास्त्रात १५ फेब्रुवारीच्या आधी उमेदवाराकडून उत्तर मागू नये, असा अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा संकेत आहे. प्रायोगिक घनपदार्थ भौतिकीत मात्र असं ठरलेलं चक्र नाही. प्राध्यापकाची ग्रँट मंजूर झाली की जागा निघते, मग ती मे महिन्यातही निघू शकते. रुजू व्हायचं असतं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पण ही तारीख दोन-तीन महिने पुढे सरकवून मिळते. विचारलं तर. न विचारता पहिलीच तारीख मान्य करणारे फार जण आहेत.

आता मुंबईची बाजू. खासगी शाळांचे नर्सरी आणि ज्युनियर केजीचे प्रवेश आदल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर सुरू होतात, म्हणजे तुम्ही शिफारसपत्रांच्या मागे धावत असता त्याच महिन्यांत. ऑफर येण्याआधीच शाळेचे पैसे भरायची वेळ येते आणि प्रवेश रद्द केला तर त्यातले बरेचसे परत मिळत नाहीत. मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर महागड्या शाळेत जागा धरून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. घराजवळची बालवाडी पुरे. त्याहून मोठ्या मुलाची चालू शाळा शेवटच्या दिवसापर्यंत सोडू नका. निघण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला आणि मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं मात्र हातात घ्या.

वयाचा हिशेबही दोन्हीकडे वेगळा लागतो. महाराष्ट्रात पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात. जर्मनीत ही सीमा राज्याप्रमाणे ३० जून ते ३० सप्टेंबरच्या दरम्यान असते. नोव्हेंबरात जन्मलेलं मूल इथे जूनमध्ये पहिलीत बसेल आणि तिथे आणखी एक वर्ष बालवाडीत राहील. दोन वर्षांनी परत आल्यावर ते बरोबरीच्या मुलांच्या एक इयत्ता मागे असतं. हे आधी माहीत असलं तर धक्का बसत नाही.

जोडीदाराच्या कामाचा विचार बहुतेक घरांत ऑफर आल्यावर सुरू होतो. तेव्हा फार उशीर झालेला असतो. अर्जाच्या आधी दोघांनी स्वतंत्र बसून शहरांची यादी करावी. संस्थांची यादी नको, शहरांची हवी. मग दोन्ही याद्यांत येणाऱ्या शहरांना आधी अर्ज करावेत. दोघंही भौतिकीत असतील तर एका आवारात किंवा रोजच्या प्रवासाच्या अंतरात अनेक गट असलेली शहरं सोयीची: म्युनिक-गार्शिंग, पॅरिसचा दक्षिण भाग, बॉस्टन, तोक्यो-त्सुकुबा. भारतात बंगळूर आहे, पुणे आहे आणि मुंबई आहे. जोडीदार डॉक्टर, वकील किंवा शिक्षक असेल तर परवान्याचा प्रश्न येतो. भारतातली पदवी तिथे थेट चालत नाही आणि परीक्षांमध्ये वर्ष-दोन वर्षं जातात. सॉफ्टवेअरवाल्याला हा अडसर नाही, पण व्हिसा काम करू देतो का, हे पाहावंच लागतं.

अमेरिकेत पोस्टडॉकला बहुधा जे-१ व्हिसा मिळतो आणि जोडीदाराला जे-२. जे-२वर काम करता येतं, पण त्यासाठी तिथे पोहोचल्यावर आय-७६५ फॉर्म भरून परवाना मागवावा लागतो आणि त्याला काही महिने लागतात. अर्जासोबतच्या पत्रात ही कमाई जे-१धारकाच्या खर्चासाठी लागणार नाही, असं स्पष्ट लिहावं लागतं. म्हणून पहिले सहा महिने एकाच पगारावर काढायचे असं गृहीत धरूनच अंदाजपत्रक करा. याच व्हिसावर आरोग्यविम्याचीही अट आहे: प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचं संरक्षण, आणि ते कुटुंबातल्या प्रत्येकाला लागतं. संस्था तुमचा हप्ता भरते. बायकामुलांचा भरते का, हे लेखी विचारा, कारण ही रक्कम किरकोळ नसते. दोन वर्षं मायदेशी परतण्याची जी अट पूर्वी अनेक भारतीयांना लागायची, ती डिसेंबर २०२४मध्ये स्किल्स लिस्टमधून (मायदेशाला गरज असलेल्या कौशल्यांच्या अमेरिकी यादीतून) भारताचं नाव वगळल्यावर बरीच सैल झाली. सरकारी पैशावर गेलात तर मात्र ती अजूनही लागू शकते. रिसर्च स्कॉलर म्हणून एक कार्यक्रम संपवल्यावर त्याच प्रकारात परत जायला २४ महिन्यांची बंदी आहे, ती वेगळी. मधेच सहा महिन्यांसाठी घरी येऊन परत जाऊ, असा बेत या नियमाने फसतो.

जर्मनीत संशोधकाच्या जोडीदाराला कामाची मुभा पहिल्यापासून असते. आणखी एक नियम आपल्याकडच्या फार कमी लोकांना माहीत असतो. तिथल्या विद्यापीठात मुदतीच्या करारावर पीएचडीनंतर साधारण सहा वर्षंच राहता येतं. पण मूल असेल तर प्रत्येक मुलामागे ही कमाल मर्यादा दोन वर्षांनी वाढते. तो कराराचा हक्क नाही, फक्त मर्यादा वाढते, एवढं लक्षात ठेवा. मूल एक वर्षाचं झाल्यावर पाळणाघरातल्या जागेचा हक्क तिथे कायद्याने आहे, तरीही मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी असते. ऑफर स्वीकारली त्याच आठवड्यात नाव नोंदवा. घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेतात, आणि पहिला पगार महिनाअखेरीस येतो. संस्था प्रवासखर्च देते म्हणजे बहुतेक वेळा बिलं दाखवल्यावर, मागाहून देते. तेव्हा सगळ्यांची तिकिटं, व्हिसा, डिपॉझिट आणि तीन महिन्यांचा खर्च एवढी रोकड निघताना हाताशी हवी.

हे सगळं विचारायची वेळ एकच: लेखी ऑफर आल्यावर आणि होकार देण्याआधी. मुलाखतीत कौटुंबिक प्रश्नांची उत्तरं द्यायला तुम्ही बांधील नाही. ऑफरनंतरच्या एका ईमेलमध्ये मात्र स्वच्छ विचारा: करार दोन वर्षांचा की दोन अधिक एक, व्हिसाचा प्रकार कोणता, विमा कुटुंबासह आहे का, सामान हलवण्याचा खर्च आगाऊ मिळेल का, जोडीदाराला मदत करणारं कार्यालय आहे का, आवारात घर आणि पाळणाघर आहे का. युरोपीय संघाच्या मारी क्यूरी पोस्टडॉक फेलोशिपमध्ये आणि सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या फेलोशिपमध्ये कुटुंबाची स्वतंत्र तरतूद असते. जानेवारी २०१७पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य असल्यामुळे तिथल्या फेलोशिपला भारतीयांना थेट अर्ज करता येतो, तरी मुंबईतून तो फार थोडे करतात.

कागदपत्रांना वाटतो त्याहून जास्त वेळ लागतो. लग्नाची नोंदणी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात केलेली नसेल तर ते काम पहिलं. तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे लागतात. मुलाच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना रिकामा राहिलेला असतो, हे मुंबईत फार दिसतं. प्रसूतिगृहाने नोंद केली तेव्हा बारसं झालेलं नसतं. असा दाखला व्हिसाला चालत नाही. वॉर्ड ऑफिसात नाव घालून नवा दाखला घ्या आणि मगच मंत्रालयातलं साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (परदेशात चालणारं प्रमाणीकरण) यांच्या मागे लागा. हा क्रम उलटला तर सगळं पुन्हा करावं लागतं. जर्मनीसारख्या काही देशांनी भारतीय अपोस्टिलला हरकत घेतलेली आहे, म्हणून आधी त्या वकिलातीची यादी वाचा आणि मगच पैसे खर्च करा.

नावाचा प्रश्न मराठी घरांत विशेष बोचतो. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलायची आपल्याकडची पद्धत. पण पदवी, शोधनिबंध आणि पासपोर्ट यांवर तीन वेगळी नावं दिसली की प्रत्येक अर्जासोबत खुलासा जोडावा लागतो. पहिला शोधनिबंध ज्या नावाने छापला तेच नाव आयुष्यभर ठेवावं आणि पासपोर्टही त्याच नावाने ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. लग्न झालं म्हणून नाव बदलायची कायदेशीर सक्ती भारतात नाही. बदललंच असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून त्या पानाची प्रत सांभाळा, आणि ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक काढून जुने-नवे सगळे निबंध त्याला जोडा.

परदेशी न जाता मुंबईत राहायचं ठरलं तर प्रश्न अंतराचा होतो. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) कुलाब्याच्या टोकाला नेव्ही नगरमध्ये, आयआयटी पवईला, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) ट्रॉम्बेला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला, आणि विद्यापीठ व त्याच्या आवारातलं मूलभूत विज्ञानाचं केंद्र कलिन्याला. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यावर हा नकाशा बदलला आहे. कलिन्याजवळ वांद्रे कॉलनी स्टेशन आहे आणि कफ परेडहून नेव्ही नगर जवळ पडतं. एक जण टीआयएफआरला आणि दुसरं कलिन्याला असेल तर या मार्गावर मध्ये कुठेही घर चालतं. टीआयएफआर आणि बीएआरसी अशी जोडी असेल तर चेंबूर बघा, कारण तिथून ईस्टर्न फ्रीवेने दक्षिण मुंबई गाठता येते. पवई आणि कुलाबा ही जोडी आजही अवघड आहे; तिथे ज्याच्या कामाची वेळ पक्की त्याच्याजवळ घर घ्यावं, दुसऱ्याने प्रवास करावा.

आकडे मांडून बघा. रिसर्च असोसिएट-१ची (म्हणजे इथल्या पोस्टडॉकच्या पहिल्या श्रेणीची) फेलोशिप जानेवारी २०२३पासून ५८,००० रुपये आहे. घरभाडं भत्ता ३० टक्के धरला तर १७,४०० वर येतात. वसतिगृहात किंवा संस्थेच्या घरात राहिलात तर भत्ता नाही. बाहेर ३०,००० भाड्याचं घर घेतलं तर दलालाला बहुधा एक महिन्याचं भाडं आणि वर काही महिन्यांचं डिपॉझिट. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. ११ महिने, ३०,००० भाडं आणि १ लाख डिपॉझिट असेल तर साधारण ८५० रुपये होतात; नोंदणी फी १,००० वेगळी. करार नोंदवलेला नसेल तर गॅस, शाळा, पासपोर्टचा पत्ता, सगळीकडे अडतं. करारात लॉक-इन किती महिन्यांचं आहे ते ऑफरच्या महिन्यांशी ताडून बघा.

एक जण मुंबईत आणि एक पुण्यात, ही मांडणी भौतिकीत फार दिसते, कारण आयुका आणि एनसीआरए ही खगोलशास्त्राची केंद्रं आणि आयसर ही विज्ञान संस्था तिकडे आहेत. रोज ये-जा करून ती निभत नाही. डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून निघून साडेदहाच्या आत सीएसएमटीला आणते आणि संध्याकाळी परत नेते. आठवड्यातून दोनदा हे शक्य आहे, पाचदा नाही. मुलं ज्याच्याकडे राहतील त्याच्या गावात आजी-आजोबांपैकी कुणी असावं किंवा पक्कं पाळणाघर असावं. पती-पत्नींना शक्यतो एका ठिकाणी नेमावं असं केंद्र सरकारचं २००९चं परिपत्रक आहे, पण ते बदलीच्या नोकऱ्यांसाठी. संशोधन संस्था आपापल्या जागा स्वतंत्रपणे भरतात, तिथे त्याचा आधार मिळत नाही.

मुंबई सोडता येत नसेल तर विद्यापीठातली किंवा कॉलेजातली जागा दुय्यम मानू नका. कणभौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूकहून पीएचडी करून १९७९मध्ये टीआयएफआरला आल्या आणि १९८२ ते १९९५ मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या, बंगळूर त्यानंतरचं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन असतं, म्हणून संशोधनाचा विषय तसा निवडावा लागतो. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर निरीक्षणासाठी कुणीही प्रस्ताव देऊ शकतं, वर्षातून दोन फेऱ्या असतात. सर्नमधल्या सीएमएस प्रयोगाचा खुला डेटा आणि गाया या अवकाश दुर्बिणीची ताऱ्यांची सूचीही घरून वापरता येते.

बाळंतपणाच्या बाबतीत रजा आणि फेलोशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूजीसीच्या नियमाप्रमाणे पीएचडीच्या पूर्ण काळात महिलांना २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळते, आणि मुदतीतही दोन वर्षांची सवलत आहे. पण पैसे देणारी संस्था निराळी असते. तिला स्वतंत्र अर्ज करून मंजुरीचं पत्र घ्यावं लागतं, नाहीतर रजा मंजूर होऊनही फेलोशिप अडकते. केंद्र सरकारी नोकरीत मातृत्व रजा १८० दिवस, पितृत्व रजा १५ दिवस, आणि बालसंगोपन रजा पूर्ण सेवेत ७३० दिवस असते. बाबांनी ते १५ दिवस पूर्ण घ्यावेत. प्रयोगशाळा पंधरा दिवस थांबते.

प्रवेगकावर किंवा किरणोत्सारी स्रोतांवर काम करणाऱ्या बाईने गर्भधारणा कळताच रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला सांगावं, घरच्यांना सांगण्याची वाट बघू नये. कामगारांसाठी किरणोत्सर्गाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट असते; गर्भासाठी उरलेल्या काळात १ मिलिसीव्हर्टच्या आत राहायचं असतं. त्यामुळे काम बदलून मिळतं, बंद होत नाही. विश्लेषण, सिम्युलेशन, डिटेक्टरची इलेक्ट्रॉनिक्स ही कामं चालू राहतात. अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज मात्र उतरवून ठेवू नये.

टीआयएफआरच्या आवारातल्या पेलेट्रॉन या प्रवेगकावर, १९८८पासून चालणाऱ्या त्या १४ दशलक्ष व्होल्टच्या यंत्रावर, बीम, म्हणजे कणांचा झोत, मिळतो तो काही दिवस सलग, चोवीस तास. आठ-आठ तासांच्या पाळ्या लागतात आणि आयन स्रोत बिघडला की तारखा पुढे सरकतात. मुलासाठी आजी बोलावलेली असते सोमवार ते गुरुवार, आणि बीम येतो बुधवारी. म्हणून घरची सोय एक दिवस आधीपासून आणि दोन दिवस नंतरपर्यंत लावावी. लहान मूल असलेल्याला पूर्ण रनभर एकच पाळी द्यावी, रोज फिरती नको. रात्रपाळीनंतर त्याच दिवशी मुलाला शाळेतून आणायचं काम त्या व्यक्तीकडे ठेवू नये. गटप्रमुखाने हे तक्ता करतानाच विचारावं, म्हणजे कुणाला विनंती करत बसावं लागत नाही.

आंतरराष्ट्रीय प्रयोगांच्या बैठका मुंबईतल्या घराची संध्याकाळ खातात. जिनिव्हाला दुपारी चारची बैठक म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. मुलांचं जेवण, गृहपाठ आणि झोप हे सगळं नेमकं त्यात. जपानमध्ये सकाळी नऊ म्हणजे आपले साडेपाच. ते उलट सोयीचं, घर तेव्हा झोपलेलं असतं. युरोपची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेची मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यांत बैठका हमखास एक तास इकडेतिकडे होतात, म्हणून कॅलेंडरमध्ये वेळ जिनिव्हाच्या प्रमाणवेळेनेच टाकावी. आठवड्यात जास्तीत जास्त दोन संध्याकाळी, बाकी बैठकांची टिपणं वाचायची, हे प्रयोगाच्या समन्वयकाला कळवलं तर सहसा कुणी हरकत घेत नाही.

पाळणाघर घराजवळ असावं, कामाजवळ नको. जुलैत सायन-कुर्ल्याला पाणी भरलं की लोकलमध्ये मूल घेऊन अडकण्यापेक्षा शेजारच्या काकूंनी त्याला घरी नेणं बरं. मुलाला घेऊन जायला परवानगी असलेल्या निदान तीन माणसांची नावं आणि फोटो पाळणाघरात देऊन ठेवा.

आई-वडील किंवा सासू-सासरे मुंबईत राहणार असतील तर त्यांची आरोग्य पॉलिसी निघण्याच्या बऱ्याच आधी काढा. जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४पासून कमाल तीन वर्षांवर आला आहे, पण तोही दोन वर्षांच्या पोस्टडॉकच्या मुदतीहून मोठा असू शकतो. परत यायच्या वर्षी शाळेला आधी पत्र लिहा. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रात सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, आणि तीन वर्षं बाहेर राहिलेल्या मुलाला बोलता आलं तरी लिहिता येत नाही. बालभारतीची पुस्तकं मोफत पीडीएफमध्ये मिळतात. रोज पंधरा-वीस मिनिटं लिहून घेतलं तर पाचवीपर्यंतच्या मुलाची अडचण होत नाही. सातवी-आठवीतल्या मुलासाठी मात्र परतायच्या निदान वर्षभर आधी सुरुवात करावी लागते.